गेडिसचा इंदूर-अहवाल आणि जुनी गल्ली

पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश पंडिताने होळकर दरबारासाठी सिद्ध केलेला इंदूरच्या नगररचनेचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्याला शंभराहून अधिक वर्षे लोटली. तरीही जुन्या वस्त्यांतील रस्ते उकरून नव्याने बांधण्याचा जो सपाटा अलीकडे सर्वत्र दिसतो तो पाहिला म्हणजे, या ग्रंथाची चिकित्सा पुन्हा एकदा करणे अगत्याचे वाटते. माळव्यातील मराठी समाजाचा तर त्याच्याशी घरचाच संबंध. आणि बडोद्याच्या वाचकांसही हे ठाऊक असेल की, त्यांच्या नगरीविषयीही गेडिसने १९१६ मध्ये असाच एक अहवाल लिहिला होता.

गेडिस हा मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ. जुनी गल्ली त्याला नकाशावरची वाकडी रेघ न वाटता वाढलेल्या वेलीसारखी वाटली, यात म्हणून नवल नाही. वेल दाट झाली तर माळी ती मुळासकट उपटीत नाही. सुकलेली फांदी तेवढी छाटतो. त्याच्या पद्धतीचे सार हेच. त्याने तिला शस्त्रक्रियेचे नाव दिले, पण ती जपणुकीची शस्त्रक्रिया. आधी गल्ली पायी हिंडावी, घरन् घर पाहावे. जे पडिक वा खरोखर अनारोग्यकारक असेल तेवढेच काढावे, आणि मोकळ्या झालेल्या जागी लहानसा चौक करून तेथे झाड लावावे. सरळ रुंद रस्ता गल्लीच्या पोटातून काढला तर बेघर झालेली कुटुंबे शेजारच्या गल्लीत दाटी करतात, आणि एका जागचा रोग दुसऱ्या जागी जातो, हा त्याचा युक्तिवाद आजही बिनतोड आहे. शिवाय अशी दुरुस्ती स्वस्तही पडते, हे तो इंजिनिअरांच्या अंदाजपत्रकांशी तुलना करून दाखवितो.

आपल्या वाचकांस विशेष भावेल असा भाग इंदुरातील त्या मिरवणुकीचा. प्लेगने शहर हैराण झाले होते. गेडिसने दिवाळीच्या निमित्ताने मोठी मिरवणूक योजिली आणि जाहीर केले की, जी आळी सर्वांत अधिक स्वच्छ व दुरुस्त दिसेल तिच्यातून ती जाईल. झाडूवाल्यांना शुभ्र वस्त्रे व फुलांच्या माळा देऊन मानाने चालविले. प्लेगच्या उंदराची प्रतिमाही होती. हुकुमाने जे झाले नसते ते उत्सवाने झाले. पालखी यावयाची म्हणून अंगण सारवणारा, सडा घालणारा आपला समाज याचे मर्म चटकन जाणील. तथापि येथेच एक प्रश्न उभा राहतो, आणि देवस्थानांच्या मंडळींनी तो टाळू नये. ज्या आळीत पालखी पूर्वापार जातच नाही, तिचे काय? गेडिसने मार्गच बदलता ठेवला. आपण तो बहुधा ठरलेलाच ठेवतो, आणि मग मानाची गल्ली चकचकीत होते, तिच्या मागची गटारातच राहते.

ग्रंथ निर्दोष आहे असे मात्र नव्हे. तो विस्कळित आहे. गल्लीचा विचार चालू असता लेखक अचानक विद्यापीठाच्या कल्पनेकडे वळतो, आणि दुसऱ्या खंडाचा बराच भाग तिनेच व्यापला आहे. याहून मोठा दोष असा की, त्याची सारी मदार हिंडणाऱ्या माणसावर आणि दरबारच्या मर्जीवर आहे. तो माणूस निघून गेल्यावर घरन् घर पाहावयाचे कोणी? नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात डांबर असते, सिमेंट असते. पायी हिंडण्याचे कलम नसते.

याचा परिणाम डोळ्यांसमोर आहे. २०१५ साली सुरू झालेली आणि ३१ मार्च २०२५ रोजी संपलेली स्मार्ट सिटी योजना इंदूर आणि पणजी या दोन्ही शहरांत आली. तिच्या बऱ्यावाईटाचा हिशेब येथे मांडणे नाही. पण योजना कोणतीही असो, जुन्या गल्लीत एक चूक पुनःपुन्हा घडते: जुना थर खरवडून न काढता त्यावर नवा थर चढवितात. दर थराला रस्ता काही इंच उंच होतो, घराचा ओटा खाली जातो, आणि ज्या उंबरठ्यावर रांगोळी काढावयाची तेथून पावसाचे पाणी माजघरात शिरते. खोल असलेली सांडपाण्याची नळी आधी, तिच्यावर आणि तिच्यापासून दूर पिण्याच्या पाण्याची, मग तारा, आणि सर्वांत शेवटी पृष्ठभाग, हा क्रम कोणास ठाऊक नाही? परंतु जमिनीखालचे कोणास दिसत नाही, आणि बिल वरच्याचेच निघते. मग काँक्रीट वाळते न वाळते तोच ते फोडले जाते. वाटेतील झाडाच्या बुंध्याला सिमेंटचा गळफास बसतो तो वेगळाच.

रुंदीकरणवाल्यांचे एक म्हणणे मात्र खरे आहे. गेडिसची गल्ली बैलगाडीच्या काळातली. आग लागली तर तेथे बंब कसा जावा? याचे उत्तर त्याच्या ग्रंथात शोधून मिळत नाही, कारण तो प्रश्न त्याला तितक्या तीव्रतेने पडलाच नव्हता. पण त्याच्या पद्धतीतून ते काढता येते. सबंध गल्लीच्या दोन्ही बाजूंचे पुढचे खण कापण्याची गरज नाही. काही घरांमागे एकेक पडिक जागा मोकळी करून तेथे पाण्याचा जोड द्यावा, गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या गाड्या हटवाव्या, आणि कोणती जागा मोकळी करावयाची हे गल्लीतल्या भाडेकऱ्यांसही विचारून ठरवावे. कारण मालक बहुधा दुसऱ्या गावी असतो आणि छत गळते ते भाडेकऱ्यावर.