‘संकर’ या संज्ञेची मर्यादा : मलाक्का सामुद्रधुनीकाठची चिनी घरे

दक्षिण चीनमधून येऊन पिनांग, मलाक्का व सिंगापूर येथे स्थायिक झालेल्यांच्या घरांस ‘संकरवास्तू’ म्हणण्याची रूढी आता दृढ झाली आहे. कौले चिनी, झडपा मलायी, खांब युरोपीय अशी यादी दिली, की विवेचन संपले असे मानले जाते. परंतु शब्दांच्या व्युत्पत्तींची यादी म्हणजे भाषेचे व्याकरण नव्हे.

जॉर्जटाउनमधील चेओंग फात् त्झे यांचा निळा वाडा पाहावा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या या वाड्यात ब्रिटनमधून आणलेले ओतीव लोखंडाचे खांब आहेत, रंगीत काचा आहेत; दालने मात्र पाच चौकांभोवती मांडलेली आहेत. शब्द परके, वाक्यरचना चिनी, असे म्हणण्याचा मोह येथे होतो.

तो मोहही आवरावयास हवा. पेठेतील अरुंद, खोल घरांपुढचा सलग छायामार्ग हा अलंकार नव्हे, रचनेचेच अंग होय. आणि तो शासनाज्ञेने दृढ झाला. सिंगापूरच्या नगररचनेविषयी रॅफल्सने १८२२ मध्ये दिलेल्या सूचनांत प्रत्येक घरापुढे ठराविक खोलीची, सदैव खुली पडवी असावी असे बंधन होते. म्हणजे व्याकरणातच सत्तेचा हात आहे.

या मार्गाचे नाव बोधप्रद आहे. मलायीत तो ‘काकी लिमा’, म्हणजे शब्दशः ‘फूट पाच’. होक्किएन भाषकांनी ‘काकी’ हा शब्द उचलला, पण ‘पाच’ आपल्या रीतीने आधी ठेवून ‘गो-खाकी’ असे नाव केले. आज्ञा परकी, शब्द शेजाऱ्याचा, क्रम आपला. वापरही आपलाच : दुकानदारांनी तेथे माल मांडला, आणि १८८८ मध्ये सिंगापूरच्या नगरपालिकेने पडव्या मोकळ्या करू लागताच दंगे उसळले.

निवडलेले, लादलेले आणि लादल्यावर आपलेसे केलेले, या तिन्हींस ‘संकर’ ही संज्ञा एकच नाव देते; शिवाय मूळ घटक शुद्ध होते असे गृहीत धरते. हा केवळ संज्ञेचा वाद नव्हे. मलाक्का व जॉर्जटाउन २००८ साली जागतिक वारसा ठरली. घर म्हणजे घटकांची यादी असे मानले, तर दर्शनी भाग राखला की जतन झाले असे वाटू लागते. पडवी राहते, तिचा वापर नाहीसा होतो. अभ्यासकाने म्हणून प्रत्येक घटकाविषयी तो कोठून आला एवढेच न विचारता, तो कोणाच्या इच्छेने आला आणि घरात कोणते कार्य करतो, हेही विचारावे.