गंगाधरपंतांची रिकामी खुर्ची

'अमुक झालें असतें तर' अशा कल्पित इतिहासाच्या कथा मराठींत थोड्या. त्यांत डॉ. जयंत नारळीकर यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेस आम्ही वरचें स्थान देतों. पानिपतावर विश्वासरावांस लागलेली गोळी कानाजवळून निघून गेली, एवढाच फेरफार लेखक करतात आणि पुढील दोन शतकें पालटून टाकतात. पेशवाई टिकते, कंपनी मुंबईसारख्या ठाण्यांपुरती उरते. पुढें पेशव्यांचा हुरूप ओसरतो आणि लोकनियुक्त मंडळें त्यांची जागा घेतात.

या देशाचा राष्ट्रप्रमुख कोण? दिल्लीचा बादशहा! मध्यवर्ती संसदेनें शिफारस करावी आणि त्यानें तीवर शिक्का मारावा. लेखकानें हें ओझरतें सांगितलें आहे. आम्हांस मात्र कथेंतील सर्वांत मार्मिक जागा हीच वाटली. अधिकार गेले म्हणूनच गादी वांचली!

दुसरें आसन आझाद मैदानावरील सभेंतलें. ९९९ सभांचें अध्यक्षस्थान भूषविलेले प्रोफेसर गंगाधरपंत या परक्या जगांत येऊन पडतात. व्यासपीठावर वक्ता आहे, खुर्ची आहे, पण अध्यक्ष नाहीं. लोहचुंबकानें ओढावें तसे ते खुर्चीकडे धांवतात, आणि श्रोते टोमॅटो व अंडीं फेकून त्यांचा सत्कार करतात. अध्यक्षांचीं कंटाळवाणीं भाषणें त्या समाजानें केव्हांच बंद केलेलीं! सभांना बसणाऱ्या कोणाही माणसास हा प्रसंग मनापासून आवडेल. (योगायोग असा कीं, २०२१ च्या डिसेंबरांत नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष स्वतः नारळीकरच होते, आणि प्रकृतीमुळें त्यांस तेथें जातां आलें नाहीं.)

परंतु बीड जिल्ह्यांतील धर्मापुरीकडच्या वाचकास ही खुर्ची इतकी हास्यास्पद वाटणार नाहीं. केदारेश्वराच्या चालुक्यकालीन मंदिराचें हें गांव १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामी राज्यांत होतें. पानिपताशीं या मुलखाचें नातें जवळचें आहे. १७६० च्या फेब्रुवारींत सदाशिवरावभाऊंनीं उदगिरास निजामास नमवून साठ लक्षांचा मुलूख मिळविला, आणि परतूरच्या मुक्कामीं उत्तरेच्या स्वारीचा निश्चय होऊन ते त्या वाटेस लागले. त्याच परतुरास १९३७ सालीं महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखालीं भरलें. जेथें 'गस्ती निशाण ५३' प्रमाणें सभेस सरकारी परवानगी लागे, तेथें आपला अध्यक्ष आपण निवडून खुर्चीवर बसविणें हें केवळ सभाशास्त्र नव्हतें. पुढील वर्षीं स्टेट काँग्रेसवर तर ती स्थापन होण्यापूर्वींच बंदी आली. अंबेजोगाईच्या शाळेंत शिकविणारे स्वामी रामानंद तीर्थ पुढें तिचे अध्यक्ष झाले. त्या पदावर असतांच १९४७ मध्यें त्यांस तुरुंगांत जावें लागलें.

कथेंत लोकशाही इतिहासाच्या ओघांत आपोआप येते. तिच्यासाठीं कोणीं कांहीं सोसलें, असें दिसत नाहीं. म्हणूनच त्या श्रोत्यांस खुर्ची इतक्या सहज टाकून देतां येते, आणि आमचें मन त्यांच्या हंसण्यांत पुरतें मिसळत नाहीं. गंगाधरपंतांचा प्रवास पुणें-मुंबई एवढाच आहे. ते मुंबईस न जातां परळीच्या गाडींत बसते, तर तेथें निजाम असता कीं नसता, आणि गांवच्या सभेंत त्यांना खुर्चीवरून कोणीं उठविलें असतें—श्रोत्यांनीं कीं फौजदारानें?