पत्र्याच्या मागे काय आहे?

घररचनेच्या मासिकांत हल्ली एक छायाचित्र वारंवार दिसते. समुद्राकाठचे जुने, सुखवस्तू उपनगर. दोन्ही बाजूंना कौलारू बंगले आणि मध्ये करड्या पोलादी पत्र्याने मढवलेले नवे घर. खाली ‘धाडसी’, ‘प्रामाणिक’ अशी विशेषणे. खाप्यात बसून हे पाहताना मला प्रश्न पडतो : आमच्याकडच्या पत्र्याच्या घराला कोणी प्रामाणिक का म्हणत नाही? तिथे जी अभिरुची ठरते, ती इथे गरिबी का ठरते?

आपण याला टिन म्हणतो, पण त्यात कथील नसते. लोखंडावर मुलामा असतो तो जस्ताचा. नालीदार पत्र्याचे पेटंट हेन्री पामर याने १८२९ साली घेतले. लंडनच्या गोदीचा तो अभियंता. म्हणजे पत्रा जन्मला तो मालाच्या शेडसाठी, माणसाच्या निजण्यासाठी नव्हे. त्याखाली माणूस राहायचा, तर आणखी काही करावे लागते.

ते ऑस्ट्रेलियाच्या ग्लेन मर्कट यांनी केले. २००२ साली त्यांना प्रिट्झकर पुरस्कार मिळाला. बिंगी पॉइंट येथील सागरकिनाऱ्यावरचे त्यांचे मॅग्नी हाऊस (१९८४) पत्र्याचेच आहे. पण ते एका खोलीच्या रुंदीचे आहे, त्यामुळे वारा आरपार जातो. उन्हाच्या बाजूला बाहेरून झडपा आहेत. छपराच्या मधल्या पन्हाळीतून पावसाचे पाणी साठवले जाते. मासिकांतल्या अनुकरणांवर माझा आक्षेप आहे तो इथेच. त्यांनी मर्कट यांचा पत्रा उचलला आणि झडपा सोडून दिल्या. यंत्राने थंड केलेल्या खोलीवर चढवलेला पत्रा हे धाडस नव्हे, तो पोशाख आहे.

पत्र्याचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. चकचकीत धातू ऊन परतवतो खरा, पण एकदा तापला की साठलेली उष्णता सहज बाहेर टाकत नाही. पांढरा रंग दिला तर ती लवकर जाते. पत्र्याखाली हवा खेळती राहील अशी पोकळी आणि तिच्याखाली दुसरे छत असेल, तर ताप माणसापर्यंत पोचत नाही. यात महागडे असे काही नाही.

आमच्या घरावर कवेलू होते. माकडे ते फोडत, दरवर्षी पावसाळ्याआधी काढून पुन्हा रचावे लागत. म्हणून पत्रा आला, आणि तो आणणाऱ्या वडिलांना मी दोष देणार नाही. पण मे महिन्याच्या दुपारी आई खाट उचलून कडुनिंबाखाली जाऊ लागली. घर पक्के झाले आणि राहायला झाड उरले.

खापा विणकरांचे गाव. सुती धाग्याला हवेत ओल लागते; कोरड्या हवेत तो तुटतो. मातीच्या भिंती आणि कवेलू यांच्या आत, खड्ड्यातल्या मागावर ती ओल टिकत असे. उघड्या पत्र्याखाली माणसाआधी धागा हार मानतो. छपराची निवड म्हणजे इथे रुचीचा प्रश्न नाही, दिवसभरात किती हात कापड निघेल याचा आहे.

आणि पोलाद आम्हाला परकेही नाही. पोलाद करायला मँगनीज लागते. ते आमच्या शेजारी गुमगावच्या खाणीतून निघते. ज्या गावाच्या शेजारची जमीन पोलादासाठी खणली जाते, त्या गावाला पोलादाखाली सुखाने राहता येऊ नये, याला सौंदर्यशास्त्र उत्तर देत नाही.

म्हणून पत्र्याच्या घराची समीक्षा छायाचित्रावरून करू नये. समीक्षकाने मे महिन्यात दुपारी तीन वाजता, वीज गेलेली असताना, त्या घरात तासभर बसावे. उपनगरातल्या घराला आणि खाप्यातल्या घराला एकच कसोटी. बसवले, तर घर चांगले. नाही बसवले, तर ते अजून मालाचीच शेड आहे, मग ते मासिकाच्या मुखपृष्ठावर असो की आमच्या गल्लीत.