डागाचे नाव आणि नावाचे गाव

एम. एन. कामत आणि सहकाऱ्यांची ‘फंगाय ऑफ महाराष्ट्र’ ही सूची १९७१ साली राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने काढली. कुठली बुरशी, कुठल्या झाडावर, कुठे सापडली, एवढाच तिचा विस्तार. तिचे मोल मोठे आहे. पण अशा सूचींमागची त्या काळातली सवय तपासायला हवी. झाड वेगळे, तर बुरशीही वेगळी, असे तेव्हा सर्रास धरले जाई.

पानांवर ठिपके पाडणाऱ्या सर्कोस्पोराचेच पाहा. क्रूस आणि ब्राउन यांनी २००३ साली तीन हजारांवर नावे तपासली. त्यांतल्या ६५९ जाती टिकल्या, आणि आणखी २८१ नावे एकाच ‘सर्कोस्पोरा एपिआय’च्या गोतावळ्यात गेली. उलट चूकही तेवढीच मोठी. आंब्याच्या करप्याला आपण वर्षानुवर्षे जे कोलेटोट्रायकम ग्लोओस्पोरिऑइडीस म्हणत आलो, त्या एका नावाच्या पोटातून २०१२ साली डीएनएच्या आधारे २२ जाती वेगळ्या निघाल्या. यजमान झाडाने फसवले, तसे बीजाणूच्या आकारानेही.

मग जुन्या नावाचे करायचे काय? मूळ नमुना पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील अजरेकर संग्रहात असेलही. पण वाळलेल्या पानातून बुरशी पुन्हा वाढत नाही आणि डीएनएही बहुधा तुटलेला असतो. अभ्यासक तेव्हा शक्यतो त्याच झाडावरून, त्याच गावातून ताजा नमुना आणून नावाला नवा आधार देतात.

इथेच माझा आक्षेप आहे. २०१३पासून बुरशीच्या नव्या नावाला नोंदणी क्रमांक सक्तीचा झाला. पुन्हा तिथे पोचता येईल इतका नेमका पत्ता मात्र लेखकाच्या मर्जीवर राहिला. जुन्या चिठ्ठीवर नुसते ‘ठाणे जिल्हा’ असेल, तर ते पेणकरपाडा की जव्हार? २०१४पर्यंत दोन्ही एकाच जिल्ह्यात होते. मीरा-भाईंदरला एका अंगाने राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, दुसऱ्या अंगाने खाडीची तिवरे, आणि मधल्या जागेत इमारती. इथे झाड तुटले की नाव तपासायची वाटच बुजते. क्रमांक मात्र शाबूत राहतो!

पेणकरपाड्यातल्या उंबराच्या पानावरचा डाग उद्या ‘नवी जात’ म्हणून छापून आला, तर जनुकीय वंशवृक्षाच्या रंगीत आकृतीआधी मी पाड्याचे नाव, अक्षांश-रेखांश, आणि जिवंत संवर्ध कुठल्या संग्रहात ठेवला, ती ओळ शोधीन.