उखळात डोकं

उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं, असं आपण येताजाता म्हणतो. कॅरन लॉर्ड यांच्या ‘रिडेम्प्शन इन इंडिगो’ या इंग्रजी कादंबरीत एक नवरा खरोखरच उखळात डोकं घालतो, आणि ते तिथंच अडकतं! अन्सिगे त्याचं नाव. खादाड इतका, की बायको पामा त्याला सोडून माहेरी निघून आलीय. तिला न्यायला म्हणून तो येतो आणि भुकेपायी एकेक लाजिरवाणे प्रकार करत सुटतो. दुसऱ्याचा मका चोरतो, मग हे उखळ. दर वेळी पामा धावत जाते आणि गावाला पटेल असं काहीतरी कारण पुढं करते.

मूळ लोककथा सेनेगलची, लेखिका बार्बाडोसच्या. पुस्तक आलं २०१० मध्ये.

हे झाकून घेणं आपल्यापैकी कुणाला शिकवावं लागलंय? ‘त्यांना बरं नाही’, ‘ते जरा कामात आहेत’. आपण त्याला सोशिकपणा म्हणतो. मला मात्र पामा सोशिक वाटत नाही. ती नवऱ्याची अब्रू राखते, पण त्याच्याबरोबर परत काही जात नाही. ती रचते त्या गोष्टी स्वतःला शांतपणे सुटता यावं म्हणून आहेत, असं मी वाचलं. तिनं चारचौघांत त्याचे वाभाडे काढायला हवे होते, असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

आफ्रिकेतल्या लबाड नायकांत सगळ्यांत नावाजलेला म्हणजे घानातल्या अकान लोकांचा अनान्से, कोळी. गुलाम करून नेलेल्या माणसांबरोबर तो कॅरिबियन बेटांवर पोचला. या कादंबरीतही कोळ्याच्या रूपात वावरणारा एक लबाड आहे, गमतीदार आहे. पण अनान्सेची जुनी कथा आठवा. आकाशदेवाकडून जगातल्या सगळ्या गोष्टी मिळवायच्या, तर किंमत म्हणून अजगर, गांधीलमाशा असलं काय काय पकडून द्यायचं. युक्त्या सुचवते बायको, आसो. गोष्टींना नाव मात्र अनान्सेचं! पामा मला या आसोची लेक वाटते. लेखिकेनं कथेच्या मधोमध तिला बसवलं, हे मला फार आवडलं.

पुढं अमर शक्ती पामाच्या हाती एक काठी देतात. काय घडू शकेल आणि काय नाही, ते त्या काठीनं थोडंसं हलवता येतं. काठीचा मूळ धनी, निळ्या कातडीचा देव, ती परत मागायला येतो आणि पामाला जगातली दुःखं दाखवत हिंडवतो. इथं पुस्तक थोडं प्रवचनाकडं झुकतं हो. मघाचा चुलीचा वास जातो, पामा ऐकत राहते, देव बोलत राहतो. तरी कथा सांगणारा आवाज सांभाळून घेतो. अंगणात बसलेल्या आजीसारखा तो मधेच थांबवतो, आपल्याशी वाद घालतो, तुम्हाला काय वाटणार ते ठाऊक आहे म्हणतो.

इंग्रजी जमत असेल तर पहिली काही प्रकरणं तरी वाचाच, आणि घरात मोठ्यानं वाचा. उखळाच्या प्रसंगाला कोण हसतं आणि कोण गप्प बसतं, तेवढं बघा.