रविवर्मा आणि धुरंधर

दोन चित्रकारांस तराजूंत घालून एकास थोर व दुसऱ्यास लहान ठरविण्याचें काम शहाणे टीकाकार टाळतात, आणि तें योग्यच आहे. परंतु आवड ही गोष्ट निराळी. चित्रांचा संग्रह पाहून बाहेर पडतांना, ‘यांतील एकच चित्र घरीं नेण्याची मुभा मिळाली तर कोणतें न्याल?’ असें सोबत्यानें विचारलें, तर तेथें टाळाटाळ करतां येत नाहीं. राजा रविवर्मा व रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधर या दोघांविषयीं हा प्रश्न आम्हीं स्वतःस अनेक वेळां विचारला आहे. आणि जें उत्तर येतें तें आमचें आम्हांसच जरा अवघड वाटतें. कारण ज्यांच्या घरच्या देवघरावर पिढ्यान् पिढ्या रविवर्म्यांची लक्ष्मी टांगलेली आहे, त्यांतलेच आम्ही एक आहों.

रविवर्म्यांचा अधिकार कोणीही नाकारणार नाहीं. त्रावणकोरांतील किळिमानूर येथें १८४८ सालीं जन्मलेल्या या पुरुषानें तैलरंगांची परकी विद्या अशी आत्मसात केली कीं, रेशमाची झळक, सोन्याचें तेज आणि तरुण त्वचेचें मार्दव हीं तिन्ही त्यांच्या कुंचल्यास सहज वश झालीं. सयाजीराव गायकवाडांसाठीं त्यांनीं पौराणिक विषयांवर चौदा चित्रें काढलीं. १८९३ सालीं शिकागोच्या प्रदर्शनांत त्यांच्या दहा चित्रांचा गौरव झाला. पण महाराष्ट्रावर त्यांचा खरा पगडा बसला तो १८९४ सालीं गिरगांवांत काढलेल्या छापखान्यामुळें. पुढें तो मळवलीस गेला व एका जर्मन तंत्रज्ञाच्या हातीं पडला, तरी तेथून निघालेल्या तसबिरी घरोघर पोहोंचतच राहिल्या. पुण्याच्या चित्रशाळेनें रंगीत तसबिरी याच्याही आधीं छापल्या होत्या, हें श्रेय विसरूं नये. परंतु लक्ष्मी व सरस्वती म्हणतांच जें रूप आजही आमच्या डोळ्यांपुढें उभें राहतें, तें रविवर्म्यांचें आहे. भाविकांच्या कल्पनेंतल्या देवतेस चेहरा देणें हें भाग्य फार थोड्या कलावंतांच्या वांट्यास येतें.

त्यांच्यावर पूर्वीं एक आक्षेप घेतला जाई, तो म्हणजे त्यांची कला विलायती आहे, तींत भारतीय आत्मा नाहीं. भगिनी निवेदिता व बंगालचे अभिमानी यांनीं तो मोठ्या आवेशानें मांडला. कमलपत्रावर पत्र लिहिणारी शकुंतला जमिनीवर लोळलेली दाखविल्याबद्दल निवेदितांनीं फारच कडक शब्द वापरले. आम्हांस हा आक्षेप पटत नाहीं. रंग तेलांत कालवला म्हणून आत्मा पळून जातो, हें शास्त्र आम्हांस कळलेलें नाहीं. आमची तक्रार वेगळी आहे. रविवर्म्यांच्या नायिकांस आपणांकडे कोणीतरी पाहत आहे याची जाणीव असते. ती त्यांच्या मानेंत, मनगटांत, पदराच्या चुणींत उतरलेली असते.

पायांत रुतलेला कांटा काढण्याच्या निमित्तानें मागें वळून दुष्यंतास पाहणारी शकुंतला घ्या. हें त्यांचें सर्वोत्कृष्ट चित्र, असें आम्ही निःशंक म्हणतों. आणि त्याचें कारणही हेंच आहे. येथें बहाणा हाच प्रसंगाचा विषय आहे. कांटा खोटा, थबकणें खोटें, फक्त मागें वळलेली दृष्टि खरी. तेव्हां शकुंतलेनें थोडें नाटक केलें तर तें कालिदासाच्या प्रसंगास धरूनच होतें. पण हंसाशीं बोलणाऱ्या दमयंतीस असें नाटक करण्याचें काय कारण? नळाची वार्ता ती ऐकत आहे, तिनें स्वतःस विसरावयास हवें. तरीही ती अशी कांहीं डौलानें उभी आहे कीं, जणूं पडदा नुकताच वर गेला. जटायुवधांत रावणाची तरवार चालली आहे व सीतेनें तोंड झांकून घेतलें आहे. हें चित्र भव्य आहे, पण सीतेचा शोकसुद्धां नीट मांडून ठेवल्यासारखा वाटतो. या छापखान्यांत कांहीं काळ काम केलेल्या दादासाहेब फाळक्यांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, यांत आम्हांस तरी नवल वाटत नाहीं.

धुरंधर १८६७ सालीं कोल्हापुरांत जन्मले, १८९० मध्यें मुंबईच्या जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत शिकावयास आले आणि १९३१ पर्यंत तिच्याशींच निगडित राहिले. शिष्याचे शिक्षक झाले व अखेरीस, जें पद तोंपर्यंत साहेबांकडेच असे, त्या संचालकपदावरही कांहीं काळ बसले. हा सर्व वृत्तांत त्यांनीं ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें’ या १९४० च्या पुस्तकांत कथन केला आहे. १८९५ सालीं बाँबे आर्ट सोसायटीचें सुवर्णपदकही त्यांना मिळालें. पण पदकांवरून आम्ही त्यांची निवड करीत नाहीं.

आम्हीं निवड केली ती त्यांच्या लहान जलरंगी चित्रांवरून व रेखाटनांवरून. त्यांत घाटावर, बाजारांत, देवळाच्या वाटेवर बायका चाललेल्या असतात. पुष्कळदां त्या पाठमोऱ्या असतात. पाठमोऱ्या माणसास भाव दाखवितां येत नाहीं, म्हणून सामान्य चित्रकार त्याच्या वाटेस जात नाहीं. धुरंधरांच्या हातीं मात्र पाठच बोलूं लागते. पाऊल उचललें कीं कासोट्याची घडी कोठें ताणते व कोठें सैल पडते, कडेवर मूल असलें कीं कंबर कोणत्या बाजूस कलते, हें सारें त्यांना ठाऊक आहे. रविवर्म्यांनीं आपल्या देवतांस व नायिकांस आमचें नऊवारी लुगडें नेसविलें, याबद्दल महाराष्ट्र त्यांचा ऋणी आहे. परंतु त्या लुगड्यांत चालतां कसें येतें, हें जाणून घ्यावयाचें तर धुरंधरांकडे जावें लागतें. त्यांच्या बायकांस कोणी पाहत आहे याची शुद्ध नाहीं. त्यांना उशीर झाला आहे.

धुरंधरांचे दोष आम्हांस दिसत नाहींत असें नाहीं. शिवचरित्रांतील मोठे प्रसंग रंगवूं लागले म्हणजे त्यांचा हात जड होतो. पगडी, अंगरखा, हत्यार सारें बिनचूक, पण दरबार श्वास घेत नाहीं. पौराणिक चित्रांत तर ते रविवर्म्यांच्याच वाटेनें जातात व मागें पडतात. मुंबईच्या माणसांवर त्यांनीं जीं टपालकार्डें काढलीं, त्यांत क्वचित् गिऱ्हाइकास हंसविण्याचा मोह डोकावतो. शिवाय कोणी म्हणेल कीं, एकानें राष्ट्राची कल्पनासृष्टि घडविली, दुसऱ्यानें पुस्तकांतलीं चित्रें काढलीं; ही तुलनाच कशी व्हावी? थोरवीची तुलना असती तर आम्हीं रविवर्म्यांपुढेंच मान लवविली असती. पण आमची आजी, तिच्या जावा, तिच्या शेजारणी यांचीं चित्रें आमच्या घरीं नाहींत. छायाचित्र काढविलें तें खुर्चीवर ताठ बसवून, श्वास रोखून. त्या पाण्याच्या कळशीनिशीं जिना कशा चढत, वळणावर क्षणभर थांबून पदर कसा सावरीत, हें आम्हांस सांगणारा एकच चित्रकार उरला आहे. आणि त्यानें तें सांगितलें नसतें, तर आज विचारावयास कोणी जिवंत नाहीं.

म्हणून लक्ष्मी देवघरावर राहील, आणि घरीं नेण्याचें तें एक चित्र आम्ही धुरंधरांचें घेऊं. ज्यांना मूळ चित्रें पाहण्याचा योग नाहीं त्यांनीं जुन्या ग्रंथालयांतून एडवर्डस यांचें ‘बाय-वेज ऑफ बाँबे’ हें १९१२ चें पुस्तक किंवा किंकेडनें आमच्या चातुर्मासांतील कहाण्यांवरून रचलेलें १९१४ चें ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ काढून घ्यावें. मजकूर इंग्रजी आहे. तो मागाहून वाचला तरी चालेल. आधीं नुसतीं चित्रें पाहावीं, आणि घरांत कोणी वृद्ध बाई असतील तर त्यांना शेजारीं बसवून पाहावीं.