‘ज्याचा त्याचा दृष्टिकोन’ म्हटलं की प्रश्न सुटतो का?

विज्ञानाच्या तत्त्वज्ञानात दृष्टिकोनवाद, म्हणजे पर्स्पेक्टिव्हिझम, हा विषय संशोधनासाठी घ्यायचा विचार करत असाल, तर तुमची गाठ लवकरच रोनाल्ड गिअरी यांच्या ‘सायंटिफिक पर्स्पेक्टिव्हिझम’ (२००६) या पुस्तकाशी पडेल. पुस्तक छोटं, पाचच प्रकरणांचं. भाषा सोपी. वाचता वाचता माणूस सहमत होत जातो, आणि म्हणूनच ते जरा सावधपणे वाचायला हवं.

गिअरींना दोन टोकं टाळायची आहेत. एक, विज्ञान जग जसं आहे तसंच्या तसं सांगतं. दुसरं, विज्ञान ही निव्वळ सामाजिक रचना आहे. मधला मार्ग म्हणून ते रंगांचं उदाहरण घेतात. आपल्या डोळ्यांत सहसा तीन प्रकारचे शंकुपेशी असतात, कुत्र्याच्या डोळ्यांत दोनच. त्यामुळे लाल-हिरव्यातला जो फरक आपल्याला दिसतो, तो कुत्र्याला दिसत नाही. मग ‘खरा’ रंग कोणाला दिसतो? गिअरी म्हणतात, प्रश्नच चुकीचा आहे. दोघांनाही जगच दिसतंय, पण आपापल्या जागेवरून. दुर्बिणी आणि सिद्धान्त यांचंही तसंच. त्यामुळे वैज्ञानिक विधान खरं असतं ते एखाद्या दृष्टिकोनाच्या चौकटीतच.

इथे थांबा. या युक्तिवादात दोन वेगळी विधानं आहेत, ती वहीत दोन ओळींवर लिहून काढा. पहिलं: आपल्याला ज्ञान मिळतं ते कुठल्यातरी दृष्टिकोनातून. दुसरं: सत्य स्वतःच दृष्टिकोनसापेक्ष असतं. पहिलं आज फारसं कोणी नाकारणार नाही. वाद आहे तो दुसऱ्यावर. आणि रंगांचं उदाहरण पहिल्याला आधार देतं, दुसऱ्याला नाही. कुत्र्याला जो फरक दिसत नाही तो आपल्याला दिसतो, यात विसंगती कुठे आहे? शिवाय हा भेद का पडतो हे आपण शंकुपेशींच्या आधारे सांगू शकतो, आणि ते स्पष्टीकरण दोन्ही डोळ्यांना लागू पडतं.

खरी कसोटी लागते ती मॉडेल्स एकमेकांना छेद देतात तेव्हा. मार्गारेट मॉरिसन यांनी २०११ च्या एका निबंधात अणुकेंद्राचं उदाहरण पुढे केलं, ते याच कारणासाठी. द्रवबिंदू मॉडेलमध्ये केंद्रातले कण एकमेकांशी घट्ट बांधलेले असतात. १९३९ मध्ये बोर आणि व्हीलर यांनी याच कल्पनेवर अणुविखंडनाचं स्पष्टीकरण उभं केलं. उलट कवच मॉडेलमध्ये प्रत्येक कण जवळजवळ स्वतंत्रपणे फिरतो. २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६ या ‘जादुई’ संख्यांचं कोडं मारिया गोपर्ट-मायर आणि येन्सन यांनी १९४९ मध्ये त्यातूनच उलगडलं. आता केंद्रातले कण घट्ट बांधलेले की मोकळे? ‘या दृष्टिकोनातून घट्ट, त्या दृष्टिकोनातून मोकळे’ असं उत्तर दिलं, तर आपण केंद्राबद्दल काही सांगतोय की फक्त मॉडेल्सच्या उपयोगाबद्दल? मॉरिसन यांचा आक्षेप साधारण हाच आहे: दृष्टिकोनवादाचा वास्तववाद इथे उपकरणवादात विरघळतो.

माझं म्हणणं याच्या एक पाऊल पुढचं आहे. भौतिकशास्त्रज्ञ या उत्तरावर थांबले नाहीत. इतक्या दाटीत कण मोकळे फिरतात कसे, हा प्रश्न त्यांनी विचारलाच. पाउलीच्या अपवर्जन तत्त्वामुळे जवळपासच्या अवस्था आधीच भरलेल्या असतात. टक्कर होऊन कणाने जायचं कुठे? म्हणून बऱ्याचशा टकरी होतच नाहीत. पुढे १९६७ मध्ये स्ट्रुटिन्स्की यांनी द्रवबिंदूच्या ऊर्जेत कवचांमुळे होणारी दुरुस्ती मिसळली, आणि विखंडनाचं चित्र सुधारलं. दोन्ही मॉडेल्स ‘आपापल्या जागी खरी’ मानून सोडून दिली असती, तर ही कामं करायचं कारणच उरलं नसतं.

गिअरींच्या बाजूने उत्तर देता येतं: पाउलीचं तत्त्वही पुंज सिद्धान्ताच्या दृष्टिकोनातूनच येतं. मान्य. पण मग एक दृष्टिकोन दुसऱ्याला दुरुस्त करू शकतो हेही मान्य करावं लागतं, आणि ‘सत्य चौकटीपुरतंच’ हे वाक्य जसंच्या तसं उभं राहत नाही. मिकेला मासिमी यांच्या ‘पर्स्पेक्टिव्हल रिअॅलिझम’मध्ये (२०२२) भर आहे तो नेमका अनेक दृष्टिकोनांच्या या देवाणघेवाणीवर. म्हणून गिअरींनंतर लगेच ते वाचा.

गिअरींचं पुस्तक बाजूला टाका असं मी म्हणत नाही. कुठलीच दुर्बीण सगळं टिपत नाही, हे त्यांच्याइतकं स्वच्छ क्वचितच कोणी मांडलंय. फक्त प्रबंधात ‘दृष्टिकोन वेगळे आहेत’ असं लिहिलंत, की त्याखाली लगेच आणखी एक वाक्य लिहा: ते वेगळे का आहेत, आणि त्यांचं भांडण मिटवायला कोणता पुरावा चालेल? ते वाक्य सुचत नसेल, तर तुमचा संशोधनाचा प्रश्न तिथेच आहे.